गप्प झालेला कोपरा

इंद्रावतीच्या पुढच्या उजव्या दाराखालचा कोपरा तीन वेळा ओरडला होता, आणि तिन्ही वेळा त्याला गप्प करण्यात आलं होतं. उत्पला रामटेकेला हे कळलं ते हँगरच्या कँटीनमध्ये, तर्रीपोहे खाताना.

इंद्रावती हे मेघवाहन एअरवेजचं विमान. कंपनीने आपल्या सगळ्या विमानांना नद्यांची नावं दिली होती आणि त्यांची देखभाल नागपूरच्या हँगरमध्ये होत असे. भोजराज धुर्वे आणि इरफान शेख हे तिथले सेन्सर बसवणारे तंत्रज्ञ. दोघांच्या पाळ्या वेगळ्या, त्यामुळे गाठ पडायची ती पोह्यांपुरतीच.

"इंद्रावतीचा तो कोपरा डोकं खाते बाप्पा," भोजराज म्हणाला. "मागच्या महिन्यात मी डावा सेन्सर उजवीकडे न् उजवा डावीकडे करून दिला, तवा कुठं गप झाला."

"तू?" इरफान हसला. "अबे, अदलाबदल तं मी केलती, दिवाळीच्या आधी. एकदम शांत झालता."

"मंग पुन्हा बोंबलला असन."

"माझ्या सासूसारखा आहे. जागा बदलून दिली की चार दिवस बरा."

टेबलावर हशा पिकला. शेजारच्या बाकावर बसलेली उत्पला हसली नाही. तिने बशी खाली ठेवली.

"इरफान, तू बदललास त्याच्या आधी त्या कोपऱ्याला कुणी हात लावला होता?"

"तो हैदराबादला बदली झालेला नायडू नाही का, मॅडम? त्यानं नवा कोरा टाकला होता. मले सांगून गेलता, हा कोपरा त्रास देईन म्हणून."

"आणि दर वेळी बदलल्यावर तो गप्प होतो?"

"एकदम. काहून, मॅडम?"

पोहे तसेच टाकून उत्पला हँगरकडे निघाली.

ती या हँगरमधली शेवटची परवानाधारक तडा-तपासनीस होती. तिच्याबरोबरचे पाच जण नोकरी गेल्यावर पांगले. एकाने वर्ध्याला बॅटऱ्यांचं दुकान टाकलं होतं. उत्पलाला कंपनीने ठेवून घेतलं ते 'श्रुती समन्वयक' या नव्या हुद्द्यावर. श्रुतीच्या पडद्यावरचा हिरवा दिवा पाहायचा आणि सही करायची, एवढंच काम.

श्रुती म्हणजे काय, हे समजण्याआधी तडा म्हणजे काय ते समजायला हवं. विमान वर चढतं तेव्हा बाहेरची हवा विरळ होते आणि प्रवाशांसाठी आत हवा कोंडून ठेवलेली असते. त्यामुळे प्रत्येक उड्डाणात विमानाचं शरीर किंचित फुगतं आणि उतरताना आकसतं. हे हजारो वेळा होतं. अॅल्युमिनियमच्या पातेल्याचा कान रिव्हेटने जिथे बसवलेला असतो, बरोबर तिथेच ते पातेलं एक दिवस चिरतं. भरलेल्या आमटीचं वजन त्याला कधीच जड नव्हतं, ते रोजच्या उचलठेवीने चिरतं. विमानात अशी लाखो रिव्हेटं असतात. दारांचे आणि खिडक्यांचे कोपरे सर्वांत आधी थकतात. तडा सुरुवातीला केसापेक्षा बारीक असतो, रंगाखाली, अस्तराखाली, एका पत्र्याच्या मागे दुसऱ्या पत्र्यात. तो हळूहळू वाढतो आणि एका मर्यादेनंतर अजिबात हळूहळू वाढत नाही.

म्हणून पूर्वी नियम होता. ठरावीक उड्डाणं झाली की ठरावीक जागा उघडायची, संशय असो वा नसो. नियमाची सगळी ताकद त्या 'वा नसो'मध्ये होती. आतलं स्वयंपाकघर काढायचं, अस्तर काढायचं, आणि तपासनिसाने विद्युत-शलाका हातात घेऊन एकेका छिद्राभोवती फिरवायची. धातू अखंड असेल तर पडद्यावरचा ठिपका जागेवर राहतो. तडा असेल तर उडी मारतो. उत्पलाने हे काम अकरा वर्षं केलं होतं.

मग नादवेध सिस्टिम्स या कंपनीने श्रुती आणली. विमानाच्या सांगाड्यावर नखाएवढे हजारो सेन्सर चिकटवायचे आणि धातूला ऐकायचं. तडा वाढतो तेव्हा धातू तुटण्याचा एक अतिसूक्ष्म आवाज होतो, माणसाच्या कानाच्या पलीकडचा. इंजिनं, पाऊस, जेवणाच्या गाड्या, मुलांच्या लाथा या सगळ्या गोंगाटातून तो आवाज वेगळा काढायचा म्हणजे आधी गोंगाट पाठ करावा लागतो. श्रुती प्रत्येक जागेचा नेहमीचा आवाज शिकते, तो वजा करते, आणि जे उरतं त्याकडे कान देते. पहिल्याच वर्षात तिने चौदा तडे पकडले, आणि त्या जागा माणसांनी आधी तपासून ठीक म्हटल्या होत्या. ही गोष्ट खरी आहे आणि ती मान्य करायलाच हवी. उत्पलाने तेव्हा हँगरमध्ये पेढे वाटले होते, कारण श्रुतीचा शिकण्याचा भाग तिच्या नवऱ्याने, हर्षदीपने, लिहिला होता.

त्यानंतर हवाई सुरक्षा मंडळाने नियम बदलला. ज्या विमानात श्रुती आहे, त्यात उघडून तपासणी बंद. श्रुतीने लाल संकेत दिला तरच उघडायचं. संकेताशिवाय उघडलं आणि काही सापडलं नाही, तर उघडणाऱ्याचा परवाना गेला. विमान उगाच अडकून पडू नये, यासाठी ही तरतूद.

आणि सेन्सर खराब वाटला, लाल संकेत न देता नुसता मधूनमधून ओरडू लागला, तर? बदलायचा. नवा सेन्सर चाळीस उड्डाणं ऐकतो, त्या जागेचा नेहमीचा आवाज नव्याने शिकतो, आणि कामाला लागतो.

अदलाबदल ही हँगरमधली जुनी आणि उत्तम पद्धत. डाव्या इंजिनाचा तापमापक वेडावाकडा आकडा दाखवू लागला, तर तो काढून उजव्याला लावतात आणि उजव्याचा डाव्याला. चूक मापकाबरोबर गेली तर मापक खराब. जागेवर राहिली तर इंजिनात काहीतरी आहे. प्रत्येक तंत्रज्ञ पहिल्या महिन्यात हे शिकतो आणि निवृत्त होईपर्यंत करतो. भोजराजने आणि इरफानने तेच केलं. पण तापमापक जागा बदलली म्हणून नव्याने शिकत नाही. श्रुतीचा सेन्सर शिकतो. दोन्ही कोपरे एकदम गप्प होतात, आणि तंत्रज्ञाला वाटतं दोष गेला. प्रत्यक्षात चाळीस उड्डाणं त्या कोपऱ्यात तडा तुटत होता, आणि श्रुती तो आवाज इमानदारीने पाठ करत होती. हा इथला नेहमीचा आवाज. हा वजा करायचा.

हँगरमध्ये इंद्रावती उभी होती. पुढच्या उजव्या दाराची रबरी कड झिजली होती, ती बदलायचं काम चालू होतं. संध्याकाळी तिला कोचीला जायचं होतं.

तळप्रमुख चिमोटे यांची केबिन हँगरच्या पोटमाळ्यावर होती. उत्पलाने सगळं सांगितलं. चिमोट्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. ते ऐकून घेणारे गृहस्थ होते.

"कारण दाखवा, मॅडम."

"कारण आत आहे, सर. स्वयंपाकघर काढा, अस्तर काढा, दाखवते."

"उघडायला कारण लागतं."

"आणि कारण बघायला उघडावं लागतं."

"हे मी नाही ठरवलं, मंडळाने ठरवलं." चिमोट्यांनी चष्मा पुसला. "श्रुतीबाई काय म्हणतात?"

"काही म्हणत नाही. तीनदा म्हणाली, तीनदा आपण तिचं तोंड दाबलं."

"म्हणजे सध्या हिरवा आहे."

"हिरवा आहे म्हणूनच तर सांगतेय!"

"मॅडम, राग मानू नका. तुमचं ते यंत्र कपाटात गेलं, वाईट वाटणारच. काँप्युटर आले तेव्हा टाइपरायटरवाल्यांनाही असंच वाटायचं. रोज एक चूक शोधून आणायचे बिचारे."

"टाइपरायटर बिघडला तर कागद कोरा राहायचा, सर. इथे एकशे ऐंशी माणसं बसतात."

"मग उघडा ना," चिमोटे शांतपणे म्हणाले. "तुमच्या सहीने उघडा. पण माझी माणसं मिळणार नाहीत, स्वयंपाकघर काढायला आठ जण लागतात. आणि संध्याकाळचं विमान रद्द झालं तर मुंबईच्या मुख्यालयाला उत्तर तुम्ही द्या."

जिना उतरता उतरताच तिने हर्षला फोन लावला.

"हर्ष, सेन्सर बदलला की श्रुती चाळीस उड्डाणं शिकते. बरोबर?"

"हो. का गं?"

"त्या चाळीस उड्डाणांत तिथे तडा वाढत असेल तर ती काय शिकेल?"

"तड्याचा वेग वाढत जातो, उत्पला. आवाज पाठ केला तरी पुढे तो मोठा होतो. मोठा झाला की ती पुन्हा ओरडते."

"ओरडली ना. तीनदा. तीनदा सेन्सर बदलला."

"तुमच्या लोकांनी असं करायला नको होतं. पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय..."

"पुस्तिकेत लिहिलंय, सेन्सर सदोष वाटल्यास बदलावा. तूच लिहिलंयस. तो सदोष वाटला, त्यांनी बदलला. त्यांची चूक काय?"

"बरं, मग तुझं म्हणणं काय?"

"तुझ्याकडून लाल संकेत दे. इंद्रावती, पुढचं उजवं दार."

"हाताने संकेत द्यायची सोयच नाही. मुद्दामच ठेवलेली नाही. नाहीतर कुणीही उठून कुठलंही विमान अडवलं असतं."

"कुणीही नाही. मी अडवते आहे."

"सोमवारी बैठकीत मांडतो."

"ते आज संध्याकाळी उडतंय, हर्ष."

"शक्यता फार कमी आहे गं."

"किती?"

"काढावी लागेल."

"काढ. तोवर विमान कोचीला पोचलेलं असेल. किंवा नसेल."

तिने फोन बंद केला. तिला रडू आलं नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. दोन्ही कानशिलं तापली होती, बस. चिमोटे वाईट नव्हते, हर्ष वाईट नव्हता, भोजराज आणि इरफान तर मुळीच नव्हते. प्रत्येकाने आपापलं काम नियमाने केलं होतं, आणि त्या सगळ्या नियमांचं मिळून एक बंद दार तयार झालं होतं. त्याची कडी आतून लागली होती आणि आत कुणीच नव्हतं.

दाराची कड बसवून झाली की विमान जमिनीवरच फुगवून पाहतात. सगळी दारं बंद करायची, आत हवा कोंडायची, आणि बाहेरून कुणीतरी शिडीवर चढून कडेने हवा सुटते का ते बघायचं. त्या दिवशी शिडीवर उत्पला चढली. समन्वयकाने स्वतः बघितलं तर बरंच, म्हणून कुणी काही विचारलं नाही.

हँगरमध्ये सेन्सर तपासायची एक साधी युक्ती आहे. पेन्सिलीचं बारीक शिसं सेन्सरजवळच्या पत्र्यावर तिरकं टेकवायचं आणि मोडायचं. शिसं मोडताना पत्र्यात जी लाट जाते ती तड्याच्या लाटेसारखीच असते. त्यामुळे इथल्या प्रत्येकाच्या खिशाला खटक्याची पेन्सिल असते. मोडण्याआधी श्रुतीला सांगायचं असतं की ही चाचणी आहे, मनावर घेऊ नकोस.

उत्पलाने सांगितलं नाही.

विमान फुगत गेलं. पत्रा हाताखाली ताणल्याचं जाणवत होतं. दाब पुरेसा चढल्यावर तिने दाराखालच्या कोपऱ्यावर शिसं टेकवलं आणि मोडलं. पुन्हा खटका दाबला, पुन्हा मोडलं. पुन्हा. आयुष्यात तिने न पाहिलेल्या गोष्टीवर सही केली नव्हती. आता ती यंत्राला खोटं सांगत होती, आणि तिला लाज वाटत नव्हती, राग येत होता. खोटं बोलल्याशिवाय खरं बघताच येऊ नये, अशी व्यवस्था शहाण्यासुरत्या लोकांनी बैठका घेऊन, चहा पिऊन, एकमताने उभी केली होती. तिने आणखी एक शिसं मोडलं. खाली पडद्याजवळ बसलेला इरफान ओरडला.

"लाल! लाल झालं! हवा सोडा!"

चिमोटे केबिनमधून धावत आले. संकेत होता, म्हणजे कारण होतं. आठ माणसं मिळाली. कोचीचे प्रवासी दुसऱ्या विमानात बसवले गेले.

स्वयंपाकघर निघालं, अस्तर निघालं, मागची कापसासारखी गादी निघाली. उत्पलाने कपाटातून आपलं यंत्र काढलं. शलाका पहिल्या छिद्राभोवती फिरवली. ठिपका जागेवर. दुसऱ्या छिद्राला तो हलला. तिसऱ्याला त्याने पडद्याबाहेर उडी मारली. तिने रंग खरवडला आणि विजेरी आडवी धरली. करंगळीएवढा तडा एका छिद्रातून निघून दुसऱ्याकडे गेला होता, आणि दुसऱ्यातून निघालेला त्याला भेटायला येत होता. मध्ये गव्हाच्या दाण्याएवढा धातू शिल्लक होता.

पाळी संपूनही थांबलेल्या भोजराजने कपाळावर हात मारून घेतला. चिमोटे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग सरळ झाले, घाम पुसला आणि म्हणाले, "मानलं बुवा श्रुतीला!"

उत्पलाने विजेरी बंद केली. त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं, याचा तिला भरवसा नव्हता.

संध्याकाळी हर्ष घरी आला तो संत्रा बर्फीचा डबा घेऊन. नादवेधच्या प्रमुखांनी स्वतः फोन करून त्याचं अभिनंदन केलं होतं. दिल्लीत सत्कार ठरत होता, श्रुतीचा आणि तिच्या समन्वयकाचा. डबा त्याने ओट्यावर ठेवला, पण उघडला नाही.

"मी लाटा बघितल्या," तो म्हणाला. "सगळ्या एकाच मापाच्या आहेत. एका साच्यातून काढल्यासारख्या. तडा असा बोलत नाही, उत्पला. तो प्रत्येक वेळी वेगळा बोलतो."

"मग?"

"तू शिसं मोडलंस."

"मोडलं."

"हा गुन्हा आहे, तुला माहितेय ना? विमानाच्या सुरक्षा यंत्रणेला खोटा संकेत. तुरुंग आहे त्याला."

"आणि तडा? तो बघितलास का? फोटो पाठवलाय मी."

हर्ष खुर्चीत बसला. "बघितला."

"असे किती सेन्सर बदललेत? देशभर. एकाच जागी, एकापेक्षा जास्त वेळा. तुझ्याकडे आकडा असणार."

"उत्पला..."

"किती?"

"एकशे बारा जागा. सगळीकडे तडा असेलच असं नाही. बहुतेक ठिकाणी सेन्सरच खराब असणार."

"बहुतेक. मग मंडळाला सांग आणि त्या उघडायला लाव."

"म्हणजे श्रुती बहिरी आहे असं जाहीर कर, असंच ना? चौदा तडे, उत्पला! तुम्ही तपासून ठीक म्हटलेल्या जागांमध्ये. ती विमानंही माणसांनी भरलेलीच होती. उद्या श्रुती बंद झाली तर पुढचे चौदा कोण पकडणार, तू?"

"मी श्रुती बंद करा म्हणत नाही. एकशे बारा जागा उघडा म्हणते."

"बाहेर दोन्हीचा अर्थ एकच होतो. ऐक, मी शिकण्याचा भाग दुरुस्त करतो. नव्या आवृत्तीत जुना आवाज पुसला जाणार नाही. तीन महिने दे. कुणाला कळणारही नाही."

"तीन महिने ती विमानं जमिनीवर उभी राहणार आहेत?"

हर्ष खुर्चीतून उठून खिडकीशी गेला.

"तुझं पोट कसं भरतं हे मला माहितेय, हर्ष. माझंही त्याच घरातून भरतं," उत्पला म्हणाली. "पण ती विमानं आत्ता, आपण बोलतोय तेव्हा, वर आहेत."

दुसऱ्या सकाळी तिने मंडळाला सगळं कळवलं. संकेत खोटा होता, तो आपण दिला, श्रुतीला तो तडा ऐकूच येत नव्हता, आणि सेन्सर बदललेल्या एकशे बारा जागा तातडीने उघडाव्यात.

नादवेधने जे केलं त्याची तिने कल्पना केली नव्हती. कंपनी तिच्या बचावाला धावली.

चौकशी मंडळाच्या नागपूर कार्यालयात झाली. अध्यक्ष शैलजा अभ्यंकर होत्या, मितभाषी बाई. नादवेधतर्फे ॲडव्होकेट कोठारी आले होते. ते उठले आणि उत्पलाकडे बघून प्रेमळपणे हसले.

"श्रीमती रामटेके यांच्यासारखी कर्तव्यदक्ष अधिकारी विरळा, मॅडम. त्या दिवशी त्यांच्यावर प्रचंड ताण होता. त्यांनी एखाददुसरं शिसं मोडलंही असेल. पण विमान फुगवलेलं होतं, तडा तिथे होता, आणि श्रुतीने तो ऐकला. संकेत खरा, तडा खरा. मग गुन्हा कुठे आहे?"

"मी गुन्हा केला आहे," उत्पला म्हणाली.

"नाही केला, मॅडम."

"केला आहे. तसं लेखी दिलंय."

"माझ्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत," कोठारी अध्यक्षांकडे वळले, "आरोपी निर्दोष आहे हे आरोपीलाच पटवून द्यायची ही पहिली वेळ."

लोक हसले. मागे बसलेले चिमोटेही हसले. उत्पलाच्या हाताच्या मुठी टेबलाखाली आवळल्या गेल्या. हा सगळा चांगुलपणा कशासाठी होता ते तिला लख्ख दिसत होतं. ती निर्दोष ठरली की संकेत खरा. संकेत खरा म्हणजे श्रुतीला ऐकू येतं. श्रुतीला ऐकू येतं म्हणजे त्या जागा उघडायची गरज नाही. तिला तुरुंगातून वाचवण्याची किंमत दुसरं कुणीतरी मोजणार होतं, पस्तीस हजार फुटांवर, खिडकीजवळची जागा मागून घेऊन.

"मला दोषी ठरवा," ती म्हणाली. तिचा आवाज खोलीला मोठा पडला. "मी खोटारडी आहे. हे सिद्ध करायला तुम्हाला एवढं जड का जातंय?"

"बसा, श्रीमती रामटेके," अभ्यंकर म्हणाल्या. त्यांनी समोरच्या पडद्यावर लाटांचं चित्र लावायला सांगितलं आणि नादवेधच्या तज्ज्ञाला उभं केलं. तज्ज्ञ हर्षदीप रामटेके होता.

"हे आवाज तड्याचे की शिशाचे?"

हर्षने कोठारींकडे पाहिलं. "यात दोन्ही शक्यतांचं मिश्रण असू शकतं, असं..."

"मी शक्यता विचारली नाही. तुम्ही ही यंत्रणा लिहिली आहे. पडद्यावर काय दिसतंय?"

हर्षने खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला.

"शिसं," तो म्हणाला. "सगळं शिसं आहे."

कोठारी उठू लागले. अभ्यंकरांनी हातानेच त्यांना थांबवलं.

"मग तडा? तो त्या वेळी आवाज करत नव्हता?"

"करत होता."

"श्रुतीला आला नाही?"

"आला. तिने तो वजा केला." हर्षचा आवाज खाली गेला. "त्या जागेचा नेहमीचा आवाज म्हणून."

"अशा आणखी किती जागा असू शकतात?"

"एकशे बारा."

पुढे सगळं झटपट झालं. त्याच संध्याकाळी मंडळाचा आदेश निघाला. सेन्सर बदललेली प्रत्येक जागा पुढच्या उड्डाणाआधी उघडून, शलाकेने, माणसाने तपासायची. यापुढे सेन्सर बदलला की तिथे हाताने तपासणी अनिवार्य, संशय असो वा नसो. देशातल्या त्रेसष्ट विमानांची उड्डाणं थांबली आणि विमानतळांवर प्रवाशांनी आरडाओरडा केला. तपासनीस शोधून आणावे लागले. बॅटऱ्यांच्या दुकानातल्या माणसाला वर्ध्याहून गाडी पाठवून नेलं.

दुसऱ्या आदेशाने उत्पला रामटेकेचा परवाना रद्द झाला. पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. तिने हरकत घेतली नाही. मेघवाहनने तिला कामावरून काढलं आणि त्या पत्रात तिच्या सेवेबद्दल आभार मानले.

आठवड्याने दोघं घरात टीव्हीसमोर बसले असताना बातमी आली. सात विमानांमध्ये तडे सापडले होते. सर्वांत मोठा भुवनेश्वरला, तळहाताएवढा. आदेश निघाला त्याच सकाळी ते विमान प्रवासी घेऊन परतलं होतं, आणि उत्पलाने मंडळाला कळवलं त्या दिवसापासून चौकशीपर्यंत ते रोज उडत होतं. पडद्यावरचा तज्ज्ञ सांगत होता की आणखी किती उड्डाणं निघाली असती हे कुणालाच सांगता येणार नाही.

हर्षने दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"बरं झालं मी खरं सांगितलं," तो म्हणाला.

"विचारल्यावर," उत्पला म्हणाली.